विश्लेषण : ‘स्ट्राइक’ नेमकी कोणाची? बेसबॉलची भाषा धारणीच्या मैदानावर पोहोचताना…

गल्ली क्रिकेटमध्ये ‘स्ट्राइक माझी’ असे ओरडणाऱ्या मुलाला फलंदाजी हवी असते. बेसबॉलच्या मैदानावर पंच ‘स्ट्राइक’ म्हणाला, की तोच मुलगा बाद होण्याच्या दिशेने एक पाऊल पुढे गेलेला असतो. शब्द तोच, अर्थ मात्र उलटा. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये परतत आहेत. आपल्याकडे हे दोन्ही खेळ शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत आहेत आणि त्यांची प्रमाणपत्रे पुढे नोकरीच्या अर्जापर्यंत जातात. तरीही या खेळाची परिभाषा मराठीत जवळजवळ कोणी समजावून सांगितलेली नाही. घरी कोरकू, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी असलेल्या धारणीसारख्या तालुक्यात तर ही अडचण आणखी एका पायरीने वाढते.

चर्चा आताच का?

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १६ ऑक्टोबर २०२३ रोजी लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी पाच खेळांना मंजुरी दिली. क्रिकेट, बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल, लॅक्रोस आणि स्क्वॉश हे ते पाच खेळ. हा निर्णय मुंबईत झाला. समितीचे अधिवेशन तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलात भरले होते. आपल्याकडच्या बातम्यांत त्या दिवशी फक्त क्रिकेट होते, ते स्वाभाविकही होते. त्याच ठरावातून बेसबॉल परत आला, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली.

बेसबॉल १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ झाला. महिलांचा सॉफ्टबॉल १९९६ मध्ये आला. २००८ नंतर दोन्ही वगळले गेले, टोकियोत परतले आणि पॅरिसमध्ये पुन्हा बाहेर राहिले. २०२८ मध्ये दोन्हींत प्रत्येकी सहाच संघ असतील. त्या सहांत भारत दिसेल, अशी आशा करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मुद्दा जिल्हा आणि विभागीय पातळीवरचा आहे. ऑलिम्पिकमध्ये आलेल्या खेळाकडे शाळा आणि पालक वेगळ्या नजरेने पाहू लागतात. त्यातच महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कोणता खेळ, कोणती स्पर्धा आणि कोणते स्थान यावर पात्रता ठरते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे होते. ज्या खेळात संघ कमी, त्यात पदकाची संधी जास्त, हा हिशेब शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना चांगला ठाऊक आहे.

शब्द तर क्रिकेटचेच, मग अडचण कुठे?

अडचण नेमकी तिथेच आहे. शब्द पूर्णपणे अनोळखी असते तर मुलांनी ते नव्याने शिकले असते. इथे आउट, रन, बॉल, पिच, इनिंग सगळे ओळखीचे वाटते आणि चुकीचा अर्थ आधीच डोक्यात बसलेला असतो.

‘बॉल’पासून सुरुवात करू. क्रिकेटमध्ये टाकलेला प्रत्येक चेंडू म्हणजे बॉल. बेसबॉलमध्ये पंच ‘बॉल’ म्हणतो तेव्हा तो वाईट फेकीची नोंद करत असतो. फलंदाजासमोर जमिनीत पाच कोनांची, घराच्या चित्रासारखी एक पाटी असते. ती होम प्लेट. या पाटीच्या वर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून साधारण छाती-पोटाच्या मध्यापर्यंत एक अदृश्य चौकट धरली जाते. ती स्ट्राइक झोन. फेक या चौकटीबाहेरून गेली आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर तो ‘बॉल’. क्रिकेटमधल्या वाइडचा हा सख्खा भाऊ. फरक इतकाच की वाइडला लगेच धाव मिळते, इथे चार ‘बॉल’ साठावे लागतात. चार झाले की फलंदाज बॅट ठेवून आरामात पहिल्या बेसवर चालत जातो.

या चालत जाण्याला म्हणतात ‘वॉक’. पुन्हा घोटाळा. क्रिकेटमध्ये ‘वॉक’ करणारा फलंदाज म्हणजे पंचाने बोट वर करण्याआधीच आपण बाद आहोत हे मान्य करून तंबूकडे निघालेला सज्जन. बेसबॉलमध्ये ‘वॉक’ ही फलंदाजाची कमाई आहे.

आता ‘स्ट्राइक’. फेक चौकटीतून गेली आणि फलंदाज नुसता पाहत राहिला, तर स्ट्राइक. बॅट फिरवली आणि चेंडू हुकला, तरी स्ट्राइक, मग फेक कुठूनही गेलेली असो. अशा तीन झाल्या की फलंदाज बाद. क्रिकेटच्या सवयीचा मुलगा इथे हमखास फसतो. चेंडू सोडून देणे, ‘लेफ्ट’ करणे, हे त्याला संयमाचे लक्षण म्हणून शिकवलेले असते. बेसबॉलमध्ये चांगली फेक तीनदा सोडणारा फलंदाज बॅट न हलवताच बाद होतो.

‘पिच’ क्रिकेटमध्ये जमिनीचा तुकडा आहे, त्याला आपण खेळपट्टी म्हणतो. बेसबॉलमध्ये पिच म्हणजे फेक आणि ती टाकणारा तो पिचर. चेंडूचा टप्पा पाडायचा नसतो, हात कोपरातून वाकवायला हरकत नसते. पिचर आणि होम प्लेट यांच्यात ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर अंतर असते. क्रिकेटच्या २२ यार्डांपेक्षा ते थोडे कमीच आहे. सॉफ्टबॉलमध्ये हात खालून फिरवून फेक करतात, चेंडू मोठा असतो आणि महिलांच्या सामन्यात हे अंतर ४३ फुटांवर येते. ‘सॉफ्ट’ या शब्दावर मात्र फार विसंबू नये. तो चेंडू लागला की नाव कोणी ठेवले असा प्रश्न पडतो.

फाउलचेही तसेच. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या मागे मारलेला फटका ही कला आहे. बेसबॉलमध्ये होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या दोन रेषांच्या बाहेर गेलेला चेंडू फाउल. पहिल्या दोन स्ट्राइक होईपर्यंत फाउलही स्ट्राइक म्हणूनच मोजला जातो. दोन झाल्यावर साधा फाउल मोजत नाहीत, म्हणून चिवट फलंदाज फाउलवर फाउल मारत पिचरला दमवत राहतो.

धावांचा हिशेब वेगळा सांगायला हवा. होम रनला मराठीत सर्रास ‘षटकार’ म्हटले जाते. दिसायला ते बरोबर आहे, कारण चेंडू कुंपणापलीकडे जातो. पण होम रनच्या सहा धावा होत नाहीत. बेसवर कोणी नसेल तर एकच धाव मिळते. तिन्ही बेसवर सहकारी उभे असतील तर चौघेही घरी येतात आणि चार धावा होतात. त्याला ग्रँड स्लॅम म्हणतात. एका फटक्यावर यापेक्षा जास्त काहीच नाही. त्यामुळे सामन्याचा निकाल ३-२ असा लागतो आणि क्रिकेटच्या चाहत्याला तो फुटबॉलचा वाटतो.

असाच एक ३-२ चा निकाल ही सगळी परिभाषा एका दमात समजावून देतो. २१ मार्च २०२३, मायामी, वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचा अंतिम सामना. जपान ३, अमेरिका २. नववी, म्हणजे शेवटची इनिंग, अमेरिकेचे दोन गडी बाद. पिचर शोहेई ओहतानी, फलंदाज माइक ट्राउट. दोघे तेव्हा अमेरिकेतल्या एकाच व्यावसायिक संघातले सहकारी. तीन बॉल आणि दोन स्ट्राइक झालेल्या. याला ‘फुल काउंट’ म्हणतात, कारण पुढच्या फेकीवर बहुतेक वेळा सोक्षमोक्ष लागतो. फेक चौकटीबाहेर गेली आणि ट्राउटने सोडली तर वॉक. हुकली तर सामना संपला. ओहतानीची फेक ऐन वेळी बाजूला वळली, ट्राउटची बॅट हवेत फिरली आणि जपान विश्वविजेता झाला.

‘आउट’ होण्याच्या इतक्या तऱ्हा कशाला?

एका इनिंगमध्ये एका संघाचे तीनच गडी बाद व्हायचे असतात. बेसबॉलमध्ये अशा नऊ इनिंग, सॉफ्टबॉलमध्ये सात. तीन आउट झाले की बाजू बदलते. क्रिकेटमध्ये एकदा बाद झालेला फलंदाज त्या डावापुरता संपतो, इथे त्याची पाळी पुन्हा फिरून येते.

झेल घेतला की फलंदाज बाद, हे विटीदांडूपासून सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र क्रिकेटमध्ये झेल पकडला की त्या चेंडूवर धावा मिळत नाहीत. बेसबॉलमध्ये खेळ चालूच राहतो. बेसवर उभ्या असलेल्या धावकाने झेल होईपर्यंत थांबायचे, किंवा आधीच निघाला असेल तर परत येऊन बेसला पाय लावायचा. त्यानंतर तो पुढे पळू शकतो. याला ‘टॅग अप’ म्हणतात. नव्या खेळाडूंचे सगळ्यात जास्त घात इथेच होतात, कारण उंच फटका पाहताच पळायची सवय पायांना लागलेली असते.

‘फोर्स आउट’ आणि ‘टॅग आउट’ या दोन शब्दांतला फरक धावबादच्या ज्ञानावर समजून घेता येतो. मागून फलंदाज पळत येत असल्यामुळे पुढच्या धावकाला बेस सोडावाच लागत असेल, तर क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात घेऊन पुढच्या बेसला पाय लावला तरी पुरते. हा फोर्स आउट, आपल्या धावबादच्या जवळचा. धावक स्वतःच्या इच्छेने पळत असेल तर मात्र चेंडू असलेल्या हाताने किंवा ग्लोव्हने त्याला प्रत्यक्ष शिवावे लागते. हा टॅग आउट. खो-खो खेळणाऱ्याला दुसरा प्रकार समजावून सांगायची गरजच नाही.

जुन्या काळी तर धावकाला चेंडू फेकून मारले तरी तो बाद होत असे, अगदी लगोरीसारखे. १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने लिहिलेल्या नियमांत चेंडू अंगावर मारण्यास मनाई झाली. चेंडू कठीण होत गेला तो त्यानंतर.

एक नियम तर नुसत्या आरोळीवर चालतो. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावक आहेत, दोनपेक्षा कमी आउट झाले आहेत आणि जवळच सोपा उंच झेल उडाला आहे, अशा वेळी पंच ‘इनफिल्ड फ्लाय’ असे ओरडतो. त्या क्षणी फलंदाज बाद, झेल सुटला तरी बाद. क्षेत्ररक्षकाने मुद्दाम झेल सोडून दोन गडी टिपू नयेत म्हणून हा नियम आहे. म्हणजे तो धावकांच्या संरक्षणासाठी आहे. आरोळीचा अर्थ न कळलेला धावक मात्र झेल सुटलेला पाहून घाबरून पळतो आणि ज्या संकटातून नियमाने त्याला वाचवले, त्यातच जाऊन पडतो.

मैदानाबाहेर हे शब्द कुठे भेटतात?

बेसबॉल कधीही न पाहिलेल्या माणसालाही त्याचे शब्द रोज भेटतात. हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत अमेरिकी साहेबाने ‘बॉलपार्क फिगर’ मागितली, तर त्याला अंदाजे आकडा हवा असतो. ‘टच बेस करू’ म्हणजे थोडे बोलून घेऊ. वऱ्हाडातून तिकडे नोकरीला गेलेली मुले हे शब्द पहिल्या महिन्यात उचलतात, ते कुठून आले याची चौकशी करायला सवड नसते. ‘कर्व्हबॉल’ म्हणजे ऐन वेळी वळणारी फेक, त्यावरून अनपेक्षित अडचण. इराककडे फिरत्या जैविक प्रयोगशाळा असल्याची खोटी माहिती देणाऱ्या खबऱ्याचे सांकेतिक नावच ‘कर्व्हबॉल’ होते. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणात त्याच्या माहितीचा आधार होता. पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झाले. नाव ठेवणाऱ्याला भविष्य कळले होते की काय, असे वाटावे.

कायद्यातही खेळ शिरला. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये ‘थ्री स्ट्राइक्स’ कायदा आला. आधीचे दोन गंभीर गुन्हे नावावर असलेल्याने तिसरा गुन्हा केला की किमान २५ वर्षे ते जन्मठेप. तिसरा गुन्हा किरकोळ चोरीचा असला तरी हा फटका बसू लागला, तेव्हा २०१२ मध्ये मतदारांनी कौल देऊन कायदा सौम्य केला. मराठीत ही बातमी लिहिताना ‘स्ट्राइक’चा अर्थ संप घ्यावा की हल्ला, असा पेच पडतो. दोन्ही चूक. इथे तो ‘हुकलेली संधी’ आहे.

अमेरिकी मैदानावरची बोली याहून गमतीची आहे. अगदी सोप्या झेलाला ‘कॅन ऑफ कॉर्न’, म्हणजे मक्याचा डबा म्हणतात. वाण्याने उंच फळीवरचा डबा काठीने पाडून खाली झेलावा, तसा हा झेल, अशी त्याची कथा सांगतात. हिंदी समालोचनातल्या ‘हलवा कॅच’ला तो शोभून दिसेल. राखीव पिचर जिथे हात गरम करतात त्या जागेला ‘बुलपेन’, शब्दशः बैलांचा कोंडवाडा, हे नाव आहे. गुणपत्रकावर तीन स्ट्राइकने बाद झालेल्यापुढे ‘के’ हे अक्षर लिहितात. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत पत्रकारिता केलेले हेन्री चॅडविक यांनी एकोणिसाव्या शतकात ही खूण रूढ केली. ‘स्ट्रक’ या शब्दाचे शेवटचे अक्षर त्यांनी घेतले.

उलट वाटेने क्रिकेटमध्ये आलेले शब्दही आहेत. ‘पिंच हिटर’ हा १९९६ च्या विश्वचषकात जयसूर्या आणि कालुवितरणा यांच्यामुळे घराघरात पोहोचला. बेसबॉलमध्ये पिंच हिटर हा बदली फलंदाज असतो. ज्याच्या जागी तो येतो, तो मोठ्या व्यावसायिक सामन्यांत पुन्हा खेळू शकत नाही. क्रिकेटने शब्द घेतला आणि अर्थ बदलून ‘सुरुवातीलाच हाणामारी करणारा’ असा केला. मूळ अर्थाच्या जवळ जाणारी गोष्ट आयपीएलमध्ये २०२३ मध्ये आली, पण तिला ‘इम्पॅक्ट प्लेअर’ हे वेगळेच नाव मिळाले.

क्रिकेटला मराठी शब्द मिळाले, बेसबॉलला का नाहीत?

क्रिकेटचे मराठी शब्द कुठून आले हे पाहिले की उत्तर मिळते. ‘गोलंदाज’ तोफखान्यातून आला, तोफेचा गोळा डागणारा तो गोलंदाज. त्याच्याच साच्यात फळीवरून ‘फलंदाज’ घडला. ‘पायचीत’, ‘यष्टिचीत’, ‘त्रिफळाचीत’ यांतले ‘चीत’ कुस्तीच्या हौद्यातले आहे. चौकार आणि षटकार तर आता खेळाबाहेरही वापरले जातात. म्हणजे मराठीने आपल्या लष्करातून आणि आखाड्यातून शब्द उचलले आणि इंग्रजांच्या खेळावर चढवले. ते टिकले, कारण वर्तमानपत्रांनी ते रोज छापले आणि बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून ते कानाकानांत पोहोचवले. ज्याने मैदान कधी पाहिले नाही, त्यालाही ‘उजव्या यष्टीबाहेरचा चेंडू’ डोळ्यांपुढे दिसत असे.

बेसबॉलला ना रेडिओ मिळाला, ना रोजचे पान. २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्ध केले, तेव्हा चार दिवस बातम्या झाल्या. २०१४ मध्ये त्यावर हॉलीवूडचा चित्रपट आला. शब्द तेव्हाही आले नाहीत, कारण बातमी पैशांची होती. आपल्याकडे हा खेळ प्रशिक्षकाच्या तोंडून आणि नियमपुस्तिकेतून आला. दोन्हींची भाषा इंग्रजी.

आपल्या खेळांनी मात्र जगाला शब्द दिले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने पुरुष आणि महिला ही दोन्ही विजेतेपदे जिंकली. परदेशी खेळाडूही त्या मैदानावर ‘खो’च म्हणत होते. कबड्डीत मराठी पंच ज्याला ‘लोण’ म्हणतात, त्याचाच ‘लोना’ आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. खेळाबरोबर शब्द प्रवास करतो, त्यात कमीपणा नाही. मात्र ‘खो’ एका अक्षराचा आहे आणि त्याचा दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यात नसतो. ‘स्ट्राइक’चे तसे नाही.

जपानने काय केले?

या प्रश्नातून जपान दोनदा गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकी या हायकूकाराला बेसबॉलचे वेड लागले होते. विद्यार्थीदशेत तो स्वतः खेळत असे, पुढे क्षयाने अंथरुणाला खिळला. १८९६ मध्ये वर्तमानपत्रातून खेळाची ओळख करून देताना त्याने फलंदाज, धावक, सरळ फेक, उंच फटका यांसाठी जपानी शब्द वापरले. त्यांतले कित्येक आजही तिथे चालतात. खेळाचे ‘याक्यू’ हे नाव चुमा कानाए यांनी १८९४ मध्ये सुचवले आणि तेच रूढ झाले. शिकीला २००२ मध्ये जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये मानाचे स्थान मिळाले. कवीला क्रीडा क्षेत्राचा हा सन्मान मिळाला, त्यात शब्दांचा वाटा मोठा होता.

दुसरा प्रयोग सक्तीचा होता. युद्धकाळात, १९४३ मध्ये, इंग्रजी ही शत्रूची भाषा म्हणून मैदानावरून हटवली गेली. स्ट्राइकला ‘योशी’, म्हणजे ठीक, आणि बॉलला ‘दामे’, म्हणजे बाद किंवा निरुपयोगी, असे पंचांनी म्हणायचे ठरले. युद्ध संपताच ‘स्ट्राइक’ आणि ‘बॉल’ जपानी उच्चारात परत आले. शिकीचे शब्द मात्र कोणी काढून टाकले नाहीत. क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक या स्पॅनिश भाषक देशांनी तिसराच मार्ग धरला. त्यांनी होम रनचा सरळ ‘होनरोन’ करून टाकला, जसा आपण हॉस्पिटलचा ‘इस्पितळ’ केला.

धारणीत प्रश्न वेगळा का?

धारणी अमरावतीहून परतवाडा, सेमाडोहमार्गे घाट चढून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर त्यापेक्षा कितीतरी जवळ. त्यामुळे बाजारपेठेची भाषा हिंदीकडे झुकलेली. गावागावांत कोरकू. ही भाषा ना मराठीच्या कुळातली, ना गोंडीच्या. ती मुंडा कुळातली असून तिच्या बहिणी संथाली, मुंडारी पार झारखंड-ओडिशात आहेत. २०११ च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे सुमारे सव्वासात लाख लोक होते. शाळेत मराठी येते ती इथल्या अनेक मुलांसाठी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून.

आदिवासी विकास विभागाच्या धारणी प्रकल्प कार्यालयाखालच्या आश्रमशाळांत कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि धावण्याच्या शर्यती हेच मुख्य खेळ. या मुलांच्या पायांत वेग आहे आणि नेम धरण्याची सवय लहानपणापासूनची आहे. बेसबॉल-सॉफ्टबॉलला नेमके हेच लागते. कमी पडतात ग्लोव्ह, हेल्मेट, कॅचरचे छातीकवच आणि शब्द. पहिल्या तीन गोष्टींना पैसे लागतात आणि त्यासाठी प्रस्ताव पाठवता येतो. चौथ्यासाठी कोणीच प्रस्ताव पाठवत नाही, कारण ती उणीव कागदावर दिसत नाही.

जिल्हा पातळीच्या सामन्यात ती दिसते. अमरावती शहरातल्या संघाने वर्षभर सराव करून हे इंग्रजी शब्द अंगवळणी पाडलेले असतात. धारणीच्या मुलाच्या डोक्यात ‘टॅग अप’ ऐकल्यावर आधी मराठी, मग कृती अशी दोन पावले पडतात. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर ६० फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटर. ते पार करायला लागणाऱ्या काही सेकंदांत विचाराला जागा नसते. मुलगी बाद होते आणि शेरा पडतो, ‘खेळाची समज नाही’.

मोबाइलवर शिकता येईल, असे कोणी म्हणेल. डिजिटल गाव म्हणून गाजलेले हरिसाल याच तालुक्यात आहे आणि रील्स सगळीकडे पोहोचल्या आहेत. पण बेसबॉलचे चांगले धडे अमेरिकी उच्चारात आहेत आणि आपोआप उमटणारी हिंदी-मराठी भाषांतरे ‘बॉल’चा चेंडू करून टाकतात. चार चेंडू टाकल्यावर फलंदाज का चालत गेला, हे त्यातून कधीच कळणार नाही.

मग काय बदलावे, काय तसेच ठेवावे?

पंच जे शब्द उच्चारतो ते बदलून चालणार नाहीत. स्ट्राइक, बॉल, फाउल, सेफ, आउट आणि इनफिल्ड फ्लाय हे शब्द राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेत इंग्रजीतच कानावर पडणार. ते तसेच ठेवावेत, पण पहिल्याच दिवशी क्रिकेटचा अर्थ पुसून शिकवावेत. ‘बॉल म्हणजे वाईट फेक, चार झाल्या की फुकट बेस’ एवढे वाक्य फळ्यावर लिहिले तरी अर्धे काम होते.

समजावून सांगण्याच्या शब्दांना मात्र मराठीत जागा आहे आणि सामान घरातच पडले आहे. पिचरचे लक्ष नसताना पुढचा बेस पळवण्याला इंग्रजीत ‘स्टील’, म्हणजे चोरी म्हणतात. मराठी क्रिकेटमध्ये ‘चोरटी धाव’ आधीपासून आहे, तेव्हा ‘चोरटा बेस’ कोणालाही कळेल. टॅग आउटला ‘शिवून बाद’, फोर्स आउटला ‘बेसबाद’ म्हणता येईल. तीन स्ट्राइकसाठी विटीदांडूचा आधार घ्यावा, कारण बऱ्याच गावांत विटी उडवायला तीनच संधी मिळतात. ‘होम रन’ला ‘घरधाव’ करण्याचा हट्ट धरू नये. तो शब्द सगळ्यांना कळतो आणि त्याने कोणाचा घात होत नाही.

बेसजवळ उभ्या प्रशिक्षकाच्या आरोळ्या तर सर्वस्वी संघाच्या मालकीच्या असतात. तिथे ‘अ‍ॅडव्हान्स’ कशाला हवे? वऱ्हाडीत ‘पय’ म्हटले की पाय आपोआप उचलतो आणि ‘वापस’ म्हटले की मागे वळतो. कोरकू मुलांच्या संघाने कोरकूत आरोळ्या ठरवल्या तर आणखी एक फायदा आहे, समोरच्या संघाला काहीच कळणार नाही. अमेरिकेत प्रशिक्षक नाक, टोपी, कोपर चाचपून गुप्त खुणा करतात. इथे तोच उद्योग भाषेने होईल.

हे काम कोणी करावे, याचे उत्तरही फार दूर नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डी, खो-खोसारखे भारतीय खेळ तिथे करून दाखवले होते. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणाऱ्या या शहरातून वीस पानांची मराठी पुस्तिका निघणे अवघड नाही. धारणीच्या एखाद्या शिक्षकाला सोबत घेतले तर तिच्या शेवटच्या दोन पानांवर कोरकू शब्दही येतील. शालेय स्पर्धांच्या आधी ती पोहोचली, तर फक्कीने आखलेल्या चौकोनात उभी राहणारी मुलगी ‘बॉल फोर’ ऐकून पंचाकडे बघत थांबणार नाही. ती बॅट खाली ठेवेल आणि पहिल्या बेसकडे चालू लागेल.